हाताने सगळं करते, पुस्तक मात्र नको म्हणते. घरी शिकणाऱ्या मुलीसाठी काय सुचवाल?

शिलाईघर | १२ एप्रिल

नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातले. सहा एकर कोरडवाहू आणि माझं शिलाईचं काम, त्यावर घर चालतं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. दीड वर्षापूर्वी दोघांना शाळेतून काढलं, धाकटा तर बालवाडीतच होता. कारणं उगाळत नाही. थोरलीचं रोज सकाळी पोट दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही, एवढ्यावरून समजून घ्या.

पोरगी हाताची पक्की आहे. मोडक्या खेळण्यातली मोटर काढून पंखा केला. माझ्या मशीनची बॉबीन भरून देते. टेप धरून आजीच्या पोलक्याचं माप घेते आणि पाऊण इंच, सव्वा इंच बरोबर सांगते. पण पुस्तक समोर ठेवलं की पाणी प्यायला उठते. जोडाक्षर आलं की अडखळते आणि अंदाजाने काहीतरी ठोकून देते. सासूबाई म्हणतात, "पोरगी अडाणी ठिवताव का?" खरं सांगायचं तर रात्री मलाही तीच भीती वाटते.

विकतची महागडी किट नकोत. घरात, रानात करता येईल असं काही आणि त्याला जोडून वाचन, असं सुचवा. पुस्तकंही सांगा, पण आमच्या इथे पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, गाईड आणि पंचांग.

रानमेवा | १२ एप्रिल

ताई, मी परभणीची. आमचं पाचवं वर्ष चालू आहे. आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. पहिल्या वर्षी मी प्रत्येक गोष्टीचा धडा केला. पोराने मातीचा बंधारा घातला की मी लगेच, "आता यावर दहा ओळी लिही." तीन महिन्यांत त्याने बंधारे घालणंच सोडलं. कामाच्या शेपटाला वाचन बांधू नका. कामाच्या पोटातच वाचावं लागेल असं काहीतरी असू द्या.

उदाहरण देते. आता पावसाळा येतोय. सरळ उभ्या भिंतींची बाटली घ्या, वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाचा गोल भाग खड्यांनी भरा, बाहेरून मोजपट्टी चिकटवा, तिच्या शून्यापर्यंत पाणी ओता, झालं पर्जन्यमापक. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे पोरांना एकदा कळलं की ती सुटतात. आमच्याकडे दहा बाय वीस फुटांचे पत्रे आहेत. दहा मिलिमीटर पडला तर पत्र्यावरून १८५ लिटरच्या आसपास पाणी उतरतं, म्हणजे जवळजवळ एक टिपाड. पोराने टिपाड लावलं, ते पाऊणच भरलं, मग बाकीचं पाणी गेलं कुठे म्हणून दोन दिवस पन्हाळीचं गळकं भोक शोधत फिरला. तेव्हापासून पेपरातले तालुक्यांचे पावसाचे आकडे तो स्वतः वाचायला लागला. मी वाच म्हटलं नव्हतं.

दुसरं, तुम्ही मोठ्याने वाचा. नऊ वर्षांची झाली म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका. तुम्ही पोलकं शिवताना बाबांनी वाचावं, बाबा दमले असतील तर उलट. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, पहिल्या पातळीच्या पानावर एखादंच वाक्य असतं. फोनवर वाचायला नको असेल तर तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या आणि मशीनवर मधोमध टीप मारा. तुम्ही तर शिलाईवाल्या.

विकतच घ्यायचं तर माधुरी पुरंदरे यांचं 'वाचू आनंदे'. उतारे, चित्रं आणि करायच्या गोष्टी एकत्र आहेत. बालगट घ्या, कुमारगटाची घाई नको.

चिंचोका | १२ एप्रिल

धागा वाचतोय. आमच्याकडे हेच, फक्त मुलगा आहे.

खडूफळा | १३ एप्रिल

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, जालना. घरच्या शाळेचा मी काही भोक्ता नाही, पण तो वाद इथे नको. रानमेवा ताईंचं बरंचसं पटलं. एक पटलं नाही. "गरज पडली की आपोआप वाचेल" यावर नऊ वर्षांच्या मुलीला सोडून देऊ नका.

आधी डोळे तपासून घ्या. वर्गात मी अशी तीन-चार मुलं पाहिली की ज्यांना आम्ही मठ्ठ समजत होतो आणि चष्मा लागल्यावर ती घडाघडा वाचायला लागली. मास्तर म्हणून ती लाज अजून आहे. डोळे ठीक असतील आणि पुढचे चार-सहा महिने रोज थोडा सराव करूनही अक्षरांची अदलाबदल, ओळ सुटणं चालूच राहिलं, तर वाचन-अक्षमतेची तपासणी करा. त्यात कमीपणा नाही. अशी मुलं हाताने फार हुशार असतात हेही पाहिलंय, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता जोडाक्षरं. मराठीत निम्मी रड एकट्या र ची असते. सूर्य, प्रकाश, राष्ट्र, सुऱ्या. चारही ठिकाणी र आहे आणि चारही ठिकाणी त्याचा पोशाख वेगळा. मुलीला नियम सांगू नका, माती द्या. काळी माती मळून अक्षरं करू द्या. अर्धा स म्हणजे स ची काठी मोडायची आणि पुढच्या अक्षराला चिकटवायची. स् आणि त चा स्त हाताने जोडला की जोडाक्षर या शब्दाचा अर्थच कळतो. रोज दहा मिनिटं, दोनच अक्षरं. अकरावं मिनिट नको.

कोडी, उखाणे, नाथांची भारुडं पाठ असतील तर ती लिहून पुढे ठेवा. पाठ असलेलं वाचताना अंदाज चुकत नाही, आणि बरोबर वाचल्याची चव लागते.

शिलाईघर | १३ एप्रिल

सर, डोळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात लातूरला जातो. मातीचं आज दुपारीच केलं. "स्त" झाला, मग तिने स्वतःहून "मस्त" केलं आणि उन्हात वाळत ठेवलं. धाकट्याने म वर पाय दिला. रडारड.

हिशोबी | १५ एप्रिल

हे घरी शिकवणं म्हणजे मोठ्या शहरातल्या रिकामटेकड्यांची चैन. आपल्याकडे पोरींना शाळेत आणायला किती पिढ्या गेल्या! आणि उद्या दाखला कोण देणार?

कलमकसाई | १५ एप्रिल

पहिल्या मुद्द्यावर मी हिशोबींच्या बाजूचा आहे. खेड्यात "घरी शिकते" म्हणजे धुणीभांडी शिकते असंच निघतं बरेचदा. या ताईंचं तसं दिसत नाही.

दाखल्याचं सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १० मध्ये मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास शिक्षा काय ते कायद्यात नाही. कलम ४ तुमच्या कामाचं. सहा वर्षांवरचं मूल शाळेत नसेल तर त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यावं लागतं. म्हणजे परतीची वाट उघडी आहे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) अ, ब, क या पातळ्या तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या धरतात, आणि त्यांची दहावी वयाची १४ वर्षं पुरी झाली की देता येते. जन्माचा दाखला आणि आधारवरचं नाव एकसारखं करून ठेवा. ऐन वेळी सगळे तिथेच अडकतात.

येळवस | १६ एप्रिल

अंबाजोगाईहून. शिलाईघर हे नाव वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

ताई, आमच्या गावच्या संतकवी दासोपंतांची पासोडी ऐकलीय का? पासोडी म्हणजे पांघरायचं जाडंभरडं कापड. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या माणसाने कागदावर भरपूर लिहिलंच, वर कापडावरही लिहिलं. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर ओव्या आणि आकृत्या. त्यांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागायची अशी आमच्याकडे गोष्ट सांगतात. मुकुंदराजांचा विवेकसिंधूही आमच्याच मातीतला, पण तो सध्या राहू द्या. लेकराला पासोडीच भारी वाटेल.

तुमच्याकडे कापड आहे, मशीन आहे, माप घेणारी पोरगी आहे. मांजरपाटाचे तुकडे जोडून तिला तिची पासोडी करू द्या. त्यावर काय लिहायचं ते तिचं तिने ठरवावं. पाऊस, पिकं, आजीच्या म्हणी, काहीही. वहीत चुकलं की लाल शाई येते, कापडाला ती सवय नाही.

आणि हो, मे महिन्यात भिंतीला टेकवून नव्हे, मोकळ्यात ओळंब्याने सरळ काठी रोवा. आपल्याकडे वर्षात दोन दिवस भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते. लातूरकडे १३ मेच्या आसपास, परभणीला १७, संभाजीनगरला २० धरा. बाराच्या ठोक्याला बघू नका, आपल्याकडे बारा वीसच्या सुमारास सूर्य माथ्यावर येतो. दुसरा दिवस जुलैअखेर असतो, तेव्हा ढगांची कृपा.

शिलाईघर | २९ जून

उशिरा येतेय, पेरणीची गडबड होती.

चष्मा लागला. दोन्ही डोळ्यांना. खडूफळा सर, तुमचे किती आभार मानू? दीड वर्ष मी तिला "लक्ष दे" म्हणत होते.

तरी एकदम घडाघडा काही वाचत नाही. पण पळत नाही. मातीची अक्षरं महिनाभर केली, मग तिलाच कंटाळा आला, सोडली. १३ मेला काठी रोवली. पावणेबारापासून आम्ही चौघं आणि शेजारची पाच पोरं उन्हात. सावली खरंच बुडख्यात शिरली. सासूबाई पडवीतून ओरडत होत्या, "लेकरं करपायलीत की!" मग स्वतःच डोक्यावर पदर घेऊन बघायला आल्या.

पासोडी सव्वापाच मीटर झालीय. पहिली ओळ तिने लिहिली, "आज सावली हारवली." ह ला काना दिलाय, मी तोंड दाबून गप्प बसले. नंतर रोजचा पाऊस, कोणत्या दिवशी सोयाबीन पेरलं, बियाण्याच्या पिशवीवरची नावं बघून बघून. "उगवणक्षमता" हा शब्द तिने पिशवीवरून वाचला, तीन दमात, पण अंदाजाने नाही. संध्याकाळी सासूबाई पाय पसरून बसतात आणि पासोडी वाचून घेतात. त्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यामुळे चूकही काढत नाहीत. तिला असा श्रोता आवडतो.

एक घोटाळा झाला. परवा पासोडी चिखलात पडली आणि सासूबाईंनी प्रेमाने धुतली. स्केचपेन गेलं वाहून. पोरगी रडली, आणि रात्री आठवून आठवून निम्मी परत लिहून काढली. धुतलं तरी न जाणारी शाई कोणती वापरू?

येळवस | २९ जून

काजळ आणि बाभळीच्या डिंकाची शाई घरी होते, पण कापड धुतलं की तीही जाईल. परीट लोक पूर्वी कपड्यांवर खुणा करायचे ते बिब्ब्याने, वरून चुना. ती खूण जन्मात जात नाही. पण बिब्बा उततो, अंगावर फोड येतात. लेकराच्या हातात देऊ नका.

रानमेवा | ३० जून

बिब्बा नकोच. तुमच्याकडे सुई आहे ना?

शिलाईघर | २ जुलै

सासूबाईही बिब्बाच म्हणाल्या होत्या, मी नाही म्हटलं. साखळी टाका शिकवला. रोज एकच शब्द, तिने निवडलेला. सध्या "ज्वारी"तला ज्वा चालू आहे. अर्ध्या ज ला किती टाके लागतात ते आधी मोजून घेतलंय म्हणे.