समुद्र हजारो किलोमीटर दूर, मंग तळ्यात सील आले कुठून?

लोणारकाठ
राम राम मंडळी. आमचं गाव लोणारपासून जवळच हाय. सध्या हरभऱ्याले पाणी देणं चालू हाय आन लाईट रातचीच येते, तं मोटर चालू करून धुऱ्यावर मोबाईल पाहत बसलो होतो. त्यात रशियातल्या बैकाल सरोवराचा व्हिडिओ आला. बर्फाच्या भोकातून एक मिशावालं, गोल काळ्या डोळ्याचं जनावर डोकं वर काढते. मले आधी पाणमांजर वाटलं, पण ते सील निघालं, तिकडं त्याले नेर्पा म्हणतात. आजवर म्या सील म्हणजे समुद्राचंच जनावर समजत होतो आन हे तं गोड्या पाण्याचं सरोवर, चहूकडून जमीन.

सकाळी पोरीले सांगितलं, आठवीत हाय ती. तिनं नकाशा उघडला आन म्हणे बाबा, कॅस्पियनमधी बी सील हाय, फिनलंडच्या सायमा नावाच्या तळ्यात बी हाय. तीन ठिकाणं आन तिन्ही समुद्रापासून तुटलेली. मंग हे जनावर तिथं पोचलं कसं? माणसानं नेऊन सोडलं का? आमच्या लोणारात खारं पाणी असून पहिले मासोळी बी नव्हती, आन तिथं गोड्या पाण्यात सील! कोणाले नीट माहीत असंन तं सांगा, पोरीले काहीबाही सांगाचं नाही मले.

वैनगंगेवाला
भाऊ, मी भंडाऱ्याकडचा, आमच्या घरी तीन पिढ्या मासेमारी. मले यात नवल नाही वाटत. पावसाळ्यात नदी फुगली का पाणी नाल्यानं मागं चढते, त्यासंगं मासे वर चढतात, बांधीत येतात, बोडीत येतात. पूर उतरला का पाणी परत जाते पण जे खोलगट जागी राहिले ते तिथंच अडकतात, मंग तिथंच अंडी, तिथंच पिल्लं. पुढच्या साली पाहाल तं त्या बोडीत जाळं टाकलं का तेच मासे. माणसानं कोणी सोडले नसतात.

हिमयुग संपलं तेव्हा बर्फ वितळून एवढं पाणी झालं असंन का समुद्र आन सरोवरं एक झाली असतीन, सील आत आले, पाणी उतरलं, अडकले. तिन्ही जागी असंच झालं असंन असं मले वाटते.

झूलॉजी_अमरावती
मी तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो, हा विषय माझ्या खूप आवडीचा आहे म्हणून जरा लांबण लागेल. आधी एक, माणसाने नेऊन सोडले नाहीत हे नक्की.

वैनगंगेवाल्या दादांचं म्हणणं सायमाच्या बाबतीत जवळपास बरोबर आहे, फक्त तिथे पूर उतरला नाही, जमीन वर आली. हिमयुगात फिनलंड-स्वीडनवर बर्फ होता, काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जाड. त्या वजनाने जमीन दबली. आपण कापूस बंडीत भरताना वर चढून तुडवतो आणि खाली उतरलो की कापूस हळूहळू फुगून वर येतो ना, तसं बर्फ गेल्यावर जमीन वर यायला लागली आणि अजून येतेय. फिनलंड-स्वीडनच्या मधल्या बोथनियाच्या आखाताच्या काठावर आजही वर्षाला 8-9 मिलिमीटर. तर बाल्टिक समुद्राच्या जागी तेव्हा जे पाणी होतं त्याचा एक फाटा अशा उठणाऱ्या जमिनीने तोडला, आणि त्यातले रिंग्ड जातीचे सील आत राहिले. ही गोष्ट साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची. शेजारच्या लाडोगा सरोवरात पण असेच अडकलेले सील आहेत, ही चौथी जागा पोरीच्या नकाशात टाका.

पण बैकाल आणि कॅस्पियन हिमयुगाच्या शेवटच्या वितळण्यात बसत नाहीत. बरीच वर्षं सांगितली जाणारी गोष्ट अशी, सायबेरियातल्या ओब आणि येनिसेई नद्या उत्तरेला आर्क्टिकमध्ये जातात, त्यांच्या तोंडावर बर्फाचा बांध आला, पाणी मागे तुंबून प्रचंड सरोवर झालं आणि त्यातून सील दक्षिणेला आले. असं तुंबलेलं सरोवर खरंच होतं, 80-90 हजार वर्षांपूर्वी. आता अडचण पहा. 2006 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी या सगळ्या सीलांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला, म्हणजे जो फक्त आईकडून येतो तो. त्यातला फरक इतका निघाला की बैकालचे, कॅस्पियनचे आणि आर्क्टिकचे सील एकमेकांपासून वेगळे होऊन हजारात नाही, वीसेक लाख वर्षं किंवा जास्तच झाली असावीत. म्हणजे ज्या तळ्यातून ते आले म्हणतात ते तळं तयार व्हायच्या कितीतरी आधीच त्यांची वाटणी झालेली होती. एकाच घरातल्या तीन भावांची वाटणी एकाच दिवशी झाली असं गावभर म्हणतात, आणि सातबारा काढला तर तारखा वेगळ्याच निघतात, तसं आहे हे.

बैकालला वाट मात्र आहे. ते पूर्ण बंद नाही. त्यातून अंगारा नदी निघते, ती येनिसेईला मिळते, येनिसेई आर्क्टिकच्या कारा समुद्रात. सरोवर समुद्रसपाटीपासून 455 मीटर उंच आहे, वाट हजारो किलोमीटरची आणि तीही प्रवाहाच्या विरुद्ध, पण सील नदीत वर शिरतात हे माहीत आहे, आणि लाखो वर्षांत वाटाही बदलतात. कॅस्पियनचं प्रकरण आणखी गुंतलेलं. तिथे फार जुन्या काळी पॅराटेथिस नावाचा मोठा आतला समुद्र होता, कॅस्पियन त्याचाच उरलेला तुकडा, आणि त्या समुद्राच्या खडकात सीलांची एक कोटी वर्षांपेक्षा जुनी हाडं सापडली आहेत. म्हणून काही जण म्हणतात कॅस्पियनचे सील तिथलेच मूळचे, काही म्हणतात उत्तरेकडून आले. हा वाद मिटलेला नाही, मला स्वतःला उत्तरेचं जास्त पटतं कारण त्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक तिकडेच आहेत.

आता लोणारवाल्या भाऊंसाठी खास. गोड्या पाण्यात सील कसा, हा प्रश्न उलटा करून बघा. 2007 मध्ये कॅनडाच्या डेव्हन बेटावर एका प्राण्याचा सांगाडा मिळाला, 2009 ला जाहीर झाला, नाव प्युजिला. दोन कोटी वर्षांहून जुना. चार पाय, लांब शेपूट, पंजे पडद्याचे, दिसायला अगदी पाणमांजरासारखा, पण कवटी आणि दात सीलांच्या घराण्याचे. आणि तो समुद्रात नव्हे, गोड्या तळ्याच्या गाळात मिळाला. ते तळं कुठलं? उल्का पडून झालेल्या खड्ड्यातलं, हॉटन क्रेटर, आपल्या लोणारसारखंच पण 23 किलोमीटर रुंद! तुम्हाला पहिल्या नजरेत पाणमांजर वाटलं ना, ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. पाणमांजरापासून सील झाला असं नाही, पण लांबचं नातं आहे. सीलांच्या पूर्वजांनी समुद्रात जायच्या आधी गोडं पाणी वापरलेलं असू शकतं.

लोणारकाठ
सर, दोनदा वाचलं आन पोरीले बी वाचून दाखवलं. उल्केच्या खड्ड्याचं ऐकून ती उड्याच मारू लागली.

पण एक शंका राहिली. आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात 2019 ले टिपेश्वरहून एक वाघ आला होता, गळ्यात पट्टा असलेला, लोकं वॉकर म्हणत. सारं मिळून तीनेक हजार किलोमीटर फिरला बिचारा, पण इथं वाघीणच नाही, तं वस्ती काही झाली नाही. तसं येनिसेईतून एखाद-दोन सील चुकून आले असतीन तं त्याइतून एवढी वस्ती कशी उभी राहीन? आन घरच्या घरात लग्न झाल्यासारखं होऊन पिढी खराब नाही होत का?

झूलॉजी_अमरावती
एकट्या नराने होत नाही, बरोबर. कळप किंवा निदान काही माद्या यायला हव्यात, किंवा पुन्हा पुन्हा थोडे थोडे. बैकालात पुढे त्यांना काय मिळालं तेही महत्त्वाचं, 1642 मीटर खोल सरोवर, गोलोम्यांका नावाचे चरबीने भरलेले मासे भरपूर, आणि मोठा शिकारी प्राणी पाण्यात दुसरा नाही. आज तिथे ऐंशी हजार ते लाखाच्या घरात नेर्पा आहेत. एवढी संख्या असली की जवळच्या नात्याचा त्रास तेवढा होत नाही. रोगाचा मात्र होतो, 1987-88 मध्ये कुत्र्यांमधल्या डिस्टेंपर रोगाच्या विषाणूने तिथे हजारो मेले. सायमाचं उलट आहे, मुळातच थोडे अडकले आणि त्यांच्या डीएनएत वैविध्य फारच कमी उरलंय.

कोलामार्का_रस्ता
मी गडचिरोलीचा. वरचं सगळं वाचून एकच सांगतो. आमच्याकडे कोलामार्काच्या जंगलात रानम्हशी आहेत, महाराष्ट्रात तेवढ्याच, अगदी थोड्या. त्यांचे भाऊबंद इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात. थोड्या उरलेल्या कळपाकडे पाहिलं की पोटात कसंतरी होते म्हणून सायमाचं वाचलं तेव्हा मी त्यात अडकलोच. 1980च्या दशकात तिथे दोनशेपेक्षा कमी सील उरले होते. मादी बर्फाच्या ढिगात गुहा करून पिल्लू देते, आता हिवाळ्यात बर्फच पुरेसा पडत नाही तर पिल्लू उघड्यावर पडते. मग तिथली माणसं थंडीत फावडी घेऊन तळ्यावर जातात आणि हातानं बर्फाचे ढीग लावतात, 2014 पासून हे चालू आहे, आणि माद्या खरंच त्या ढिगात गुहा करतात! 15 एप्रिल ते 30 जून जाळं लावायला पण बंदी, कारण लहान पिल्लं जाळ्यात गुदमरून मरतात. आता चारशेच्या वर गेलेत.

कॅस्पियनचं ऐकून मात्र वाईट वाटलं, शंभर वर्षांपूर्वी दहा लाख होते म्हणतात, त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त गेले. 2022च्या डिसेंबरात रशियातल्या दागेस्तानच्या किनाऱ्यावर अडीच हजारांच्या आसपास मेलेले सापडले. लाखो वर्षं एका जागी टिकलेलं जनावर आहे ते.

वैनगंगेवाला
जाळ्याचं पटलं. आमच्याकडं बी पावसाळ्यात मासे अंडी देतात तेव्हा मासेमारी बंद असते, पहिले जुने लोक स्वतःहूनच पाळत. माझं तिन्हीचं एकच कारण हे चुकलं, सरांनी समजावलं, मानतो. आन लोणारवाल्या भाऊ, पाणमांजर पाहाचं असंन तं पोरीले घेऊन इकडं या, आमच्या पट्ट्यात अजून आहेत, नशीब असलं तं पहाटे दिसतात.

लोणारकाठ
येतो भाऊ, हरभरा निघू द्या. पोरीनं वहीत नकाशा काढला, चारी सरोवरं निळी केली, अंगाराची वाट पेनानं दाखवली आन कॅस्पियनजवळ प्रश्नचिन्ह टाकलं. आज परत रातची लाईट हाय, तिनं सांगून ठेवलं का प्युजिलाचं चित्र शोधून आणजा म्हणून.