जन्मदर उतरूनही घानाची लोकसंख्या वाढते, ती कशी?

सुरंगी (मालवण)
नमस्कार. बारावीला ‘लोकसंख्या संक्रमण’ (आधी मृत्युदर, मग जन्मदर उतरत जाण्याची प्रक्रिया) शिकवताना मी आपल्याच भागाचे उदाहरण देते, कारण 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली आणि ते समजण्यासाठी मुलांना पुस्तक उघडावे लागत नाही; कुलूपबंद घरे त्यांना शाळेच्या वाटेवरच दिसतात. यंदा तुलनेसाठी घाना घेतला. तेथे 1960 मध्ये सुमारे 67 लाख लोक होते, 2021 च्या जनगणनेत ते 3 कोटी 8 लाख भरले. मात्र याच देशात दर स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या 1988 मध्ये 6.4 होती, ती 2022 मध्ये 3.9 झाली. अपत्ये कमी होत असताना एकूण आकडा वाढतच कसा राहतो? आणि तेथील किनाराही आपल्यासारखा ओस पडतो आहे का?

खाडीकाठ
पहिल्या प्रश्नाचे उत्तर वयोरचनेत आहे. 2021 मध्ये घानातील 35.3 टक्के लोक पंधरा वर्षांखालील होते. त्यांतल्या मुली उद्या आई होतील, तेव्हा प्रत्येकीला आपल्या आईपेक्षा कमी मुले झाली, तरी आयांची संख्याच मोठी असल्यामुळे एकूण जन्म लगेच घटत नाहीत. त्यात 3.9 हा आकडा लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या 2.1 पेक्षा बराच वर आहे. शिवाय पाच वर्षांच्या आत दगावणारी मुले 1988 च्या सुमारास हजारी 155 होती, ती 2022 पर्यंत 40 वर आली. म्हणजे जन्मलेली मुले जगू लागली. 2010 ते 2021 मधील वार्षिक वाढ 2.1 टक्के होती. स्वातंत्र्यानंतरचा हा सर्वांत कमी वेग, पण तो असाच टिकला तर लोकसंख्या साधारण 33 वर्षांत दुप्पट होईल.

तांबडी माती
वरील विवेचन योग्यच आहे, फक्त 6.4 ते 3.9 ही सरळ उतरंड समजू नये. 1998 मध्ये 4.4, 2003 मध्येही 4.4, 2008 मध्ये 4.0 आणि 2014 मध्ये पुन्हा 4.2, असा हा प्रवास रेंगाळलेला आहे. घानाने लोकसंख्या धोरण 1969 मध्येच आखले होते, आफ्रिकेत बहुतेकांच्या आधी. तरी 1988 मध्येही अपत्यसंख्या 6.4 होती. तेव्हा केवळ सरकारी धोरणावर सारे श्रेय टाकता येणार नाही. माझ्या मते मुलींचे शिक्षण आणि शहरी राहणीचा खर्च यांचा वाटा मोठा आहे. राजधानी अक्रा ज्यात येते त्या ग्रेटर अक्रा प्रांतात दर स्त्रीमागे अपत्ये तीनच्या आसपास आहेत, तर ईशान्येकडील प्रांतात सहाच्या वर. वर्गात देशाची सरासरी सांगून थांबलात, तर हा फरक मुलांच्या नजरेतून निसटेल.

रापणकर
किनाऱ्याबद्दल म्हणाल, तर तेथे नेमके उलटे आहे. आपल्याकडे किनारा माणसे पाठवतो, तेथे तो ओढून घेतो. उत्तरेकडील गवताळ भागात वर्षातून एकच पावसाळा. कोरड्या महिन्यांत शेतीला काम नसते, म्हणून तरुण मंडळी दक्षिणेकडील शहरांत उतरतात: काही देशाच्या आतल्या भागातील कुमासीला, काही किनाऱ्यावरील अक्रा आणि टेमाला. 2021 मध्ये 56.7 टक्के लोक शहरी होते आणि ग्रेटर अक्राने अशांती या प्रांताला (कुमासी त्यातच आहे) मागे टाकून सर्वांत दाट वस्तीचाच नव्हे, तर सर्वाधिक लोकसंख्येचा प्रांत होण्याचा मान मिळवला. आणखी एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. आपले चाकरमानी मुख्यत्वे पुरुष. म्हणून 2011 मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. घानाच्या उत्तरेतून मात्र कोवळ्या वयाच्या मुलीही बाजारात डोक्यावर ओझी वाहण्यासाठी येतात. त्यांना तेथे ‘कायायेई’ म्हणतात. जुने आकडे लावताना हेही पाहावे, की 1983 च्या आरंभी नायजेरियाने सुमारे दहा लाख घानावासीयांना देशाबाहेर काढले आणि घानाची जनगणना लगेच 1984 मध्ये झाली, म्हणजे त्या आकड्यात परतलेले लोकही आले.

सुरंगी (मालवण)
सर्वांचे आभार. आता घाना आणि सिंधुदुर्ग यांचे वयोमनोरे (वयोगटानुसार स्त्री-पुरुषांची संख्या दाखवणारे आलेख) मुलांकडून शेजारी शेजारी काढून घेते. प्रांतवार तुलनाही करावी का?

तांबडी माती
करावी, पण जपून. 2019 मध्ये तेथील दहा प्रांतांचे सोळा झाले. त्यामुळे 2010 चे प्रांतवार आकडे नव्या सीमांनुसार मांडलेले असतील, तरच ते 2021 च्या शेजारी ठेवावेत.