बॅन्डन ड्यून्सला कार्टच नाही म्हणे, ६८ वर्षांच्या वडिलांना झेपेल का?

अजिंक्यतारा_रोज (सातारा):
नमस्कार मंडळी. वडील नोकरीनिमित्त पुण्यात असताना येरवड्याच्या कोर्सवर गोल्फ शिकले, रिटायर होऊन साताऱ्यात आल्यावर खेळ जवळजवळ सुटलाच, आता टीव्हीवर बघतात तेवढंच. ताई अमेरिकेत पोर्टलंडला असते, सप्टेंबरात आम्ही सगळे तिच्याकडे जातोय आणि तुम्हाला काय बघायचंय असं विचारल्यावर वडिलांनी पटकन तिकडच्या समुद्रकाठच्या बॅन्डन ड्यून्स या गोल्फ रिसॉर्टचं नाव घेतलं, म्हणजे मनात कधीचं असणार. मी वाचायला घेतलं तर तिथं गोल्फ कार्टच नाही, सगळं चालत, वर समुद्राचा वारा. गुडघे बरे आहेत पण बीपीची गोळी चालू आहे. कुणी जाऊन आलंय का? आणि आई खेळत नाही, तिनं तिथं करायचं काय?

हळदबाजार (सांगली):
जाऊन आलोय, ऑनसाइटला असताना, ऑफिसातल्या पोरांबरोबर. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

कार्ट खरंच नाही. कायमचं अपंगत्व असेल आणि कागदपत्रं आधी दिली असतील तर सोय करतात, नुसत्या वयावर नाही. पण चालायला जमीन फार चांगली आहे ओ. आपल्या काळ्या रानात पावसात पाय टाकला की चप्पल तिथंच राहते, तिथं रात्रभर पाऊस झाला होता आणि सकाळी फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या गवताच्या पट्ट्यावर, पाणी म्हणून नाही, सगळं खालच्या वाळूत जिरलेलं. वर फेस्क्यू नावाचं बारीक गवत, आखूड आणि कडक. बॅग कॅडीच्या खांद्यावर द्यायची म्हणजे वडिलांना फक्त स्वतःला न्यायचंय. कॅडीचे पैसे त्याच्या हातात रोख द्यायचे असतात, वर टिप, त्यामुळं कॅश काढून ठेवा.

आता खेळाचं. वडील पुण्यात शिकलेत म्हणजे बॉल उंच उडवून ग्रीनवर (भोकाभोवतीचं तासलेलं गवत) टाकायची सवय असणार. ती तिथं चालत नाही. लिंक्स, म्हणजे असा समुद्रकाठचा वाळूवरचा कोर्स, तिथं बॉल खाली ठेवायचा, आधीच टप्पा पाडायचा आणि जमिनीच्या उतारानं त्याला जाऊ द्यायचं. पॅसिफिक ड्यून्सचा अकरावा होल आहे, जेमतेम दीडशे यार्डांचा पार थ्री (तीन फटक्यांत संपवायचा), डावीकडं कडा आणि खाली समुद्र. उन्हाळ्यात तिथं वारा उत्तरेकडनं येतो आणि हा होल बरोबर त्याच्या तोंडावर. आमच्यातल्या एकानं नऊ नंबर (बॉल उंच उडवणारी स्टिक) काढली, कॅडी काही बोलला नाही, नुसती त्याच्या हातातनं घेतली आणि बॉल खाली ठेवणारी पाच नंबर दिली. अर्धाच स्विंग मार म्हणाला. बॉल माणसाच्या डोक्याएवढाच उठला, ग्रीनच्या बराच आधी पडला, उडी खाल्ली, घरंगळत गेला आणि झेंड्याच्या पलीकडं थांबला. मग मी माझी आठ नंबर ऐटीत उंच मारली, तर बॉल वर जाऊन जणू थबकलाच आणि उजवीकडच्या बंकरात (वाळूच्या खड्ड्यात) येऊन पडला. कॅडी माझ्याकडं बघून एवढा गोड हसला की काय सांगू. त्यानंतर दिवसभर आम्ही ग्रीनच्या वीस-वीस यार्ड बाहेरनंसुद्धा पटरनं (बॉल जमिनीवरनं ढकलायची स्टिक) मारत होतो, आणि तिथं त्यात काही कमीपणा नाही, सगळेच मारतात.

कोर्स किती आणि कुठले ते. पहिला बॅन्डन ड्यून्स १९९९ चा, डेव्हिड मॅकले किड नावाच्या स्कॉटिश पोरानं केलेला. मालक माइक कायझर, यांनी पैसा कमावला ग्रीटिंग कार्डांवर, तेही रिसायकल केलेल्या कागदाच्या, म्हणजे बघा. मग २००१ ला पॅसिफिक ड्यून्स, २००५ ला बॅन्डन ट्रेल्स, २०१० ला ओल्ड मॅकडोनाल्ड, २०२० ला शीप रँच. शीप रँचला वाळूचा एकही बंकर नाही आणि नऊ ग्रीन कड्यावर आहेत. ट्रेल्स बराचसा झाडीत शिरतो, वारा कमी, पण चढ तिथंच जास्त, म्हणून वडिलांसाठी तो मी गाळला असता. रोज एकच राउंड, सकाळचा, दुपारनंतर वारा चढतो.

आणि पिवळ्या फुलांची दाट काटेरी झुडपं दिसतील, गॉर्स म्हणतात, त्यात बॉल गेला तर सोडून द्या. दिसायला देखणं पण तेलकट झाड आहे, भडकतं. १९३६ ला शेजारचं बॅन्डन गाव आगीत जवळजवळ सगळं गेलं ते यामुळंच पसरून. आयर्लंडहून आलेल्या माणसांनी हौसेनं आणून लावलेलं.

रोखठोक_मिरज:
वाचून दमलो. एवढ्या डॉलरमध्ये आईवडिलांना अख्खं युरोप दाखवून होईल की. वारा आणि समुद्रच पाहिजे तर गणपतीपुळ्याला न्या, मोदक पण मिळतील.

हळदबाजार (सांगली):
गणपतीपुळ्याला मी पण जातो दादा, पण तिथं तीन नंबर लाकूड (गोल्फची लांब मारायची स्टिक) घेऊन गेलो तर पुजारी आत सोडतील का? माणसानं आयुष्यात एक गोष्ट मागितलीय, ती द्यायची. महाग आहेच, खोटं नाही बोलणार, जून ते सप्टेंबर तर जास्तच. थंडीत दर उतरतात पण दक्षिणेकडनं वादळं येतात, वडिलांना नको ते.

पेरूवाली_वाई:
मी गोल्फमधली नाही, फिजिओ आहे. आठ-दहा किलोमीटरचा विषय असेल तर तुमच्याकडं यवतेश्वरचा घाट आहे की, हाफ मॅरेथॉनवाले उगाच पळतात का तिथं. आत्तापासून एक दिवसाआड चालायला लावा, आधी सपाट, मग घाट. उतरताना काठी द्या, गुडघा चढताना नाही, उतरताना बोलतो. आणि एकदा चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली तासभर उभं करा दुपारी, वाऱ्याची सवय म्हणा नाहीतर परीक्षा म्हणा. बीपीचं निघण्याआधी डॉक्टरना दाखवा, गोळी आणि विमानातले तास यांचं वेळापत्रक त्यांच्याकडनंच लिहून घ्या.

अजिंक्यतारा_रोज (सातारा):
चाळकेवाडी भारी सुचवलंत, या रविवारीच नेतो, पाच नंबर पण गाडीत टाकतो (मारणार नाही, गुरं असतात). आईचं राहिलं.

हळदबाजार (सांगली):
आईंसाठी पंचबोल आहे, पॅसिफिक ड्यून्सच्या पहिल्या टीजवळ, म्हणजे खेळ सुरू होतो तिथं. नुसत्या पटिंगचं मैदान, पण सपाट नाही, चांगले उंचवटे-खड्डे, पटर तिथंच मिळतो. संध्याकाळी सगळे तिथंच जमतात, खेळता न येणारे जास्त ओरडतात. शिवाय जंगलातनं, वाळूतनं किनाऱ्यापर्यंत पायवाटा आहेत. प्रिझर्व्ह म्हणून १३ होलचा छोटा कोर्स आहे, सगळे पार थ्री, तिथं आई वडिलांबरोबर नुसत्या चालत गेल्या तरी समुद्र दिसत राहतो.

पोर्टलंडहून गाडीनं पाच तास धरा. स्वेटर आणि विंडचीटर दोन्ही न्या, सप्टेंबर असला तरी. खोली आणि टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) एकदमच मागा आणि आजच फोन करा, सप्टेंबर तिथं लवकर भरतो.