मदत हवी आहे: लॉकिंग स्क्रूवरचा खर्च नेमका कुठे वाचवावा?

प्रश्न: छोट्या ऑपरेशन थिएटरसाठी मोडलेलं हाड जोडायच्या ३.५ आणि ४.५ मिमी (स्क्रूच्या जाडीवरून) प्लेटांचा स्टॉक नव्याने भरायचा आहे. पुरवठादार म्हणतो सगळं लॉकिंगच घ्या, पण लॉकिंग स्क्रू (हेड प्लेटच्या आटीत घट्ट बसणारा) साध्या कॉर्टिकलपेक्षा (प्लेट हाडावर दाबणारा) बराच महाग पडतो. बहुतेक केसेस फोरआर्म, अँकल (घोटा) आणि ह्युमरस शाफ्टच्या (दंडाच्या हाडाचा मधला भाग). साधी प्लेट कुठे बिनधास्त चालेल? स्टील की टायटॅनियम?

उत्तर १: हाड चांगलं आणि फ्रॅक्चर साधं असेल तर लॉकिंगची गरज नाही. फोरआर्मला ३.५ ची डीसीपी (फ्रॅक्चर दाबून धरणारी साधी प्लेट), फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा कॉर्टेक्स (हाडाची कडक भिंत; आरपार गेलेला स्क्रू दोन धरतो). ह्युमरस शाफ्टला ४.५ ची नॅरो प्लेट, सहा ते आठ कॉर्टेक्स. लॅटरल मॅलिओलसचं (बाहेरच्या घोट्याचं) तिरकं फ्रॅक्चर असेल तर आधी दोन तुकडे एकमेकांवर आवळणारा लॅग स्क्रू (जवळच्या कॉर्टेक्सला ३.५ चं भोक, पलीकडे २.५ चं), वर वन-थर्ड ट्युब्युलर (पातळ, पन्हाळीसारखी प्लेट).

काटकसर करू नये ती ठिसूळ हाडात, सांध्याजवळच्या चुऱ्यात आणि ब्रिज प्लेटिंगमध्ये (चुऱ्याला हात न लावता वरून पुलासारखी प्लेट).

उत्तर २: वरच्याशी सहमत, फक्त एक भर. लॉकिंग प्लेट घेतली म्हणजे सगळी भोकं लॉकिंगने भरायची असं नाही. कॉम्बी होलमध्ये (जोडभोकात) लॉकिंग आणि कॉर्टिकल दोन्ही बसतात. मात्र क्रम पाळा: आधी रिडक्शन (तुकडे जागेवर बसवणं), मग कॉर्टिकल स्क्रूने प्लेट हाडाला ओढून घ्या, लॉकिंग शेवटी. त्या तुकड्यात लॉकिंग आधी लावला की प्लेट तिथल्या तिथे अडकते, नंतरचा कॉर्टिकल तिला हाडाजवळ आणू शकत नाही. साध्या फ्रॅक्चरमधली फट तशीच लॉक झाली तर हाड जुळत नाही आणि काही महिन्यांनी प्लेट थकून तुटते. नाव मात्र प्लेटच्या क्वालिटीचं खराब होतं.

ब्रिजिंगमध्ये फ्रॅक्चरवरची दोन-तीन भोकं रिकामी ठेवा. लांब प्लेट आणि कमी स्क्रू हे मजबूतही, स्वस्तही.

उत्तर ३: ड्रिल बिटं विसरू नका. ३.५ कॉर्टिकलला २.५, ३.५ लॉकिंगला २.८, ४.५ कॉर्टिकलला ३.२, ४.५ च्या प्लेटमधल्या ५.० लॉकिंगला ४.३. बोथट बिट हाड जाळतं, मग स्क्रू सैल होतो. दोन पैसे जास्त गेले तरी बिटं वेळेवर बदला.

स्टील घ्या, ३१६एल, आयएसओ ५८३२-१ (इम्प्लांटच्या स्टीलचं मानक) चं सर्टिफिकेट बॅच नंबरसकट मागून. टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू काढताना प्लेटमध्ये जाम होतात, हेड गोल होतं. टॉर्क लिमिटर (ठरावीक जोराला आवळणं थांबवणारं साधन; ३.५ ला १.५ न्यूटन-मीटर) न वापरता आवळले असतील तर हमखास. निकेलची ॲलर्जी असेल तर टायटॅनियमच. स्टीलच्या प्लेटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू नको, गंज धरू शकतो. एकाच कंपनीचा सेट ठेवा; दुसऱ्याचं हेड आटीत बसल्यासारखं वाटतं, पण लॉक होत नाही. काढलेली प्लेट दुसऱ्या पेशंटला कधीच नाही, बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत.

प्रश्नकर्ता: आभार. वयस्कर पेशंटच्या अँकलला काय करावं? फिब्युलाच्या (पोटरीचं बाहेरचं बारीक हाड) खालच्या टोकात स्क्रू पकडच घेत नाही.

उत्तर २: तिथे खर्च करा. डिस्टल फिब्युलाची लॉकिंग प्लेट, खालच्या टोकात तीन-चार लॉकिंग, वर शाफ्टमध्ये पकड बरी मिळत असेल तर साधे कॉर्टिकल. खालचे स्क्रू एकाच कॉर्टेक्समध्ये थांबवा, पलीकडे सांधा आहे. लांबी सी-आर्मवर (ऑपरेशनमधला एक्स-रे) मॉर्टिस व्ह्यूमध्ये (पाय थोडा आत वळवून) तपासूनच टाके घाला.