मदत हवी आहे : अफनासी निकितिनच्या वाटेवरील कल्याझिन या रशियन गावाविषयी

नमस्कार,

चौल-रेवदंड्याच्या परिसरात वाढलेल्या माणसाच्या कानावर अफनासी निकितिन हे नाव लहानपणीच पडते. पंधराव्या शतकात रशियातील त्वेर शहराचा हा व्यापारी घोडा घेऊन चौल बंदरात उतरला, पालीवरून जुन्नरला गेला, तिथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला, आणि पुढे तो बीदरपर्यंत पोहोचला, एवढे आमच्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. गावातील विद्यार्थ्यांसाठी त्याच्या संपूर्ण प्रवासमार्गावर मराठीत एक छोटी पुस्तिका तयार करण्याचे काम मी सध्या करत आहे. चौलपासून पुढचा भाग आपल्या ओळखीचा असल्याने तो लवकर लिहून झाला. मात्र प्रवासाच्या अगदी आरंभीच, त्वेर सोडल्यावर ज्या ठिकाणाचा उल्लेख येतो, त्या कल्याझिनपाशी मी अडलो आहे.

निकितिन लिहितो की वोल्गा नदीतून खाली येत तो कल्याझिनच्या ख्रिस्ती मठात पोहोचला आणि तेथे मठप्रमुख मकारी व इतर साधूंचे आशीर्वाद घेऊन पुढच्या उग्लिच गावाकडे निघाला. उल्लेख जेमतेम दोन ओळींचा आहे. तरीही तो मला फार मोलाचा वाटतो, कारण एवढ्या लांबच्या वाटेवर निघालेला माणूस सुरुवातीला कोणापुढे नतमस्तक झाला, हे त्यातून कळते. हा मकारी म्हणजे मठाचा संस्थापकच. तो १४८३ मध्ये वारला, म्हणजे निकितिनला प्रत्यक्ष त्याच्याच हातून आशीर्वाद मिळाला. मठाच्या नावामागची आख्यायिकाही सुंदर आहे. कोल्यागा नावाच्या जमीनदाराने आपल्या जमिनीजवळ मठ नको म्हणून मकारीच्या जिवावर उठण्याचा बेत केला. पुढे घरावर आजारपण ओढवल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, त्याने क्षमा मागून जमीन मठाला दिली, आणि मकारीने त्याचेच नाव मठाला दिले.

माझी अडचण अशी की आज कल्याझिनची माहिती शोधू लागले की सर्वत्र एकच छायाचित्र समोर येते : पाण्याच्या मधोमध एकटा उभा असलेला पांढरा घंटामनोरा. तो सुमारे ७४ मीटर उंच आहे. उग्लिचच्या धरणामुळे १९४० च्या सुमारास जुन्या गावाचा मोठा भाग जलाशयाखाली गेला, मनोऱ्याशेजारचे निकोलस कॅथेड्रल उतरवले गेले, आणि मनोरा तेवढा राहिला. पुढे त्याच्या पायथ्याशी भराव घालून छोटे बेट करण्यात आले. दृश्य मनाला चटका लावणारे आहे, याबद्दल वादच नाही. परंतु हा मनोरा १८०० साली पूर्ण झाला, आणि कल्याझिनला शहराचा दर्जाही १७७५ मध्ये, सम्राज्ञी कॅथरिन दुसरीच्या काळात मिळाला. त्यामुळे निकितिनवरील मजकुरासोबत हे छायाचित्र छापणे मला चुकीचे वाटते. मुले तेच निकितिनने पाहिले असे समजतील.

त्याने पाहिला तो मठ वोल्गाच्या डाव्या तीरावर, आजच्या गावाच्या समोरच्या बाजूला होता. तेथे दगडी चर्चचा पाया खणत असताना १५२१ मध्ये मकारीचे अवशेष सापडले, असे सांगितले जाते. त्यावरून निकितिनच्या वेळचा मठ लाकडी असावा, असा माझा तर्क आहे. त्यानंतर याच मठाच्या परिसरात १६०९ मध्ये रशियन सेनापती मिखाईल स्कोपिन-शुइस्कीने सेनानी सापिएहाच्या पोलिश-लिथुएनियन फौजेला मागे रेटले. पुढे १६५४ मध्ये मठाच्या ट्रिनिटी (ख्रिस्ती पवित्र त्रैक्य) कॅथेड्रलमध्ये भित्तिचित्रे काढण्यात आली. मठ पाडण्यापूर्वी त्यांतील काही भाग भिंतींवरून सोलून काढून वाचवला गेला आणि तो मॉस्कोच्या श्चुसेव वास्तुकला संग्रहालयात आहे. वास्तू पाण्याखाली जात असताना रंगाचा तो पातळ थर जपणाऱ्या माणसांविषयी मला अपार आदर वाटतो.

जाणकारांकडून मला पुढील बाबतींत साहाय्य हवे आहे. रशियन शिकलेल्या वा शिकवणाऱ्या सभासदांनी कृपया सांगावे, की मराठीत ‘कल्याझिन’ लिहावे की ‘कालियाझिन’. जुन्या लेखनात पहिल्या अक्षरात ‘ओ’ दिसतो, तेव्हा मूळ उताऱ्याचा अनुवाद करताना ‘कोल्याझिन’ ठेवणे योग्य ठरेल का? मॉस्कोत राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या कोणाला ती भित्तिचित्रे प्रत्यक्ष पाहता आली असतील, तर त्यांतील प्रसंग कोणते, हे कळवावे. मठाच्या जागेचे काही उंचवटे आज लहान बेटांच्या रूपात पाण्याबाहेर आहेत. धरणापूर्वीचा नकाशा कोणाकडे असल्यास त्याची प्रत मिळावी, म्हणजे पुस्तिकेत मठ आणि गाव यांच्या जागा नीट दाखवता येतील.

शेवटचा प्रश्न एकाच शब्दाचा आहे, पण त्यावर माझे बरेच दिवस गेले आहेत. मकारीसाठी निकितिनने ‘इगुमेन’ (रशियन ख्रिस्ती मठाचा प्रमुख) हा शब्द वापरला आहे. त्याला ‘मठाधिपती’ म्हटले की आपल्या वाचकाला गादी, छत्र आणि चवऱ्या आठवतात. ‘महंत’ म्हटले की आखाडा डोळ्यांपुढे येतो. म्हणून सध्याच्या मसुद्यात मी असे वाक्य ठेवले आहे : ‘मी इगुमेन मकारी आणि मठातील बांधवांचे आशीर्वाद घेतले आणि उग्लिचला निघालो.’ इयत्ता सातवीच्या मुलाला हे टिपेशिवाय समजेल का, आणि समजणार नसेल तर ‘इगुमेन’ऐवजी कोणता शब्द ठेवावा, हे कृपया सुचवावे.