बाबांचे ठोके ५३ दाखवतात, सल्ला हवा

रानजाई:
बाबांना (वय ६८) भावाने स्मार्टवॉच घेऊन दिलं, तेव्हापासून घरात हाच विषय. बसल्याजागी हृदयाचे ठोके मिनिटाला ५२ ते ५५, पहाटे झोपेत तर ४८. नेटवर जिथे पाहावं तिथे ६० ते १०० नॉर्मल. बाबांना त्रास काहीच नाही, रोज टेकडीवर फिरून येतात. बीपीसाठी मेटोप्रोलोल चालू आहे. माझे स्वतःचे ८८च्या आसपास असतात. कोणाची काळजी करू?

घाटवाट:
आधी हाताने मोजा. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताचा अंदाज घेतं, पट्टा ढिला असेल तर काहीही दाखवतं.

शुश्रूषा:
रानजाई, मी आयसीयूत नर्स आहे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या गोळीतच आहे. मेटोप्रोलोल हे बीटा ब्लॉकर, ठोके कमी करणं हे त्याचं कामच. शिवाय झोपेत ठोके उतरतातच, आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांचे जागेपणीही ६०च्या खाली असू शकतात. पण आकडा पाहून घाबरून गोळी मनाने बंद करू नका! ती एकदम थांबवली की बीपी आणि ठोके दोन्ही उसळतात.

मोजायचं असं: पाच मिनिटं शांत बसवा. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. आपला अंगठा वापरायचा नाही, त्याचीच नाडी जाणवते. पूर्ण एक मिनिट मोजा. मॉनिटर चालू असला तरी आम्ही बोटांनी नाडी बघतो, कारण आकडा ७२ असूनही ताल विस्कटलेला असू शकतो. तसा वाटला तर ईसीजी काढायलाच हवा, काही अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो.

चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीच्या चढाला नव्याने लागणारी धाप, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सीत.

रानजाई:
ताई, खूप आभार. आत्ताच मोजले, ५४ आणि एकसारखे. माझ्या ८८चं काय?

शुश्रूषा:
मर्यादेत आहे. पण कायम तिथेच असेल तर हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. आपल्याकडे बायका ॲनिमिया अंगावर काढतात, आणि शरीराला प्राणवायू पुरवायला हृदय जोरात पळत राहतं. चहा, तंबाखू, जागरण, कमी पाणी यांनीही ठोके वाढतात. तापात तर दर डिग्री सेल्सिअसला साधारण दहाने.

घाटवाट:
मला रोजच्या भरभर चालण्याने फरक पडला, पण त्याला महिने लागले.

रानजाई:
बाबांची पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. काय नेऊ?

शुश्रूषा:
सकाळी चहा आणि गोळीच्या आधी, मग संध्याकाळी एकदा, असं रोज वहीत लिहा. बीपी मशीनवर पल्सही येतो, तोही टिपा. गोळी किती वाजता घेतली हे शेजारी लिहा. आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, डोळ्यांचे थेंबसुद्धा. काचबिंदूच्या काही थेंबांतही बीटा ब्लॉकर असतो.