'फोर्टियन टाइम्स'चे कोणी वाचक आहेत का? आपापले विलक्षण अनुभव लिहावेत

लेस्टरकर

गेल्या आठवड्यात इथल्या एका धर्मादाय दुकानात 'फोर्टियन टाइम्स'च्या जुन्या अंकांचा गठ्ठा दिसला आणि तो उचलल्याशिवाय पाय निघेना. शिक्षणासाठी या देशात नवा असताना रेल्वे स्थानकावरच्या पेपरवाल्याकडे हे मासिक पहिल्यांदा हाती लागले होते. आजीच्या तोंडून ऐकलेल्या प्रकारांची साहेबाच्या देशातही कोणी इतक्या निगुतीने दखल घेते, याचे तेव्हा फार अप्रूप वाटले होते.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॉब रिकर्ड यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये 'द न्यूज' या साध्या नावाने ते सुरू केले आणि १९७६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. हे नाव चार्ल्स फोर्ट (१८७४–१९३२) या अमेरिकन लेखकावरून घेतलेले आहे. न्यूयॉर्क आणि लंडन येथील ग्रंथालयांत वर्षानुवर्षे बसून या गृहस्थाने जुनी वर्तमानपत्रे आणि शास्त्रीय नियतकालिके चाळली आणि बेडकांचा पाऊस, आकाशातले अनोळखी दिवे, आपोआप हलणाऱ्या वस्तू अशा, विद्वानांनी बाजूला सारलेल्या हजारो नोंदी कागदाच्या कपट्यांवर उतरवून घेतल्या. त्यांतून त्याचे या विषयावरचे पहिले पुस्तक १९१९ साली निघाले. मासिकानेही तोच वसा घेतला. वाचक जगभरातून कात्रणे पाठवतात आणि संपादक ती ना भक्तिभावाने छापतात, ना खिल्ली उडवून. माझे सर्वांत आवडते सदर मात्र वाचकांच्या स्वानुभवाचे आहे, कारण त्यात कारकून, नर्स, ट्रकचालक अशी साधी माणसे आपल्याबाबतीत काय घडले ते सरळ लिहितात आणि थांबतात.

तसेच इथे लिहावे, अशी विनंती आहे. कोणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही, फक्त पदरचा मीठमसाला नको.

रद्दीबहाद्दर

या मासिकाचे सुटे अंक मला फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळत असत, पण सलग दोन महिन्यांचे अंक कधी मिळाले नाहीत, त्यामुळे 'पुढील अंकात वाचा' असे लिहिलेले कितीतरी गूढ माझ्यापुरते आजही गूढच आहे.

आमच्या पिढीला या विषयाची गोडी लावली ती अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने. 'हंस' आणि 'मोहिनी' घरात उघडपणे वाचले जात आणि 'नवल' आम्ही पांघरुणात वाचत असू. मात्र 'नवल' हा मुख्यतः कथांचा संसार होता. घडलेले जसेच्या तसे टिपून ठेवणारे आणि त्यावर निकाल न देणारे मासिक मराठीत का रुजले नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. आपल्याकडे एकतर भयकथा लिहिली जाते किंवा भांडाफोड तरी केली जाते.

देवगडची लेक

चकव्याचा अनुभव लिहिते. महाविद्यालयात असताना मी आणि माझा चुलतभाऊ संध्याकाळी आत्याच्या गावाहून सडा ओलांडून घरी निघालो होतो. वाट पायाखालची होती. कोकणातला सडा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवे, की तो म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेला उघडा कातळ असतो, त्यावर गुडघाभर वाळलेले गवत असते आणि खुणेला म्हणाल तर एखादे झाड किंवा पडका गडगा, म्हणजे दगड रचून केलेले कुंपण. अंधार पडल्यावर आम्ही एका गडग्यापाशी आलो. त्याच्या वरच्या चिऱ्यावर कोणीतरी गंजलेला पत्र्याचा डबा पालथा घातला होता. आम्ही पुढे गेलो, बरेच चाललो आणि पुन्हा तोच गडगा, तोच डबा. भावाने डबा उचलून खाली ठेवला. पुढच्या खेपेला तो डबा आम्हाला खालीच, त्याने ठेवला होता तसाच दिसला, तेव्हा भाऊ म्हणाला, "हयसरच बसा, उजाडल्याबिगर हलूचा नाय." चकवा लागला की चालत राहायचे नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते.

उजाडले तेव्हा आमच्या वाडीतले पहिले घर हाकेच्या अंतरावर होते. रस्ता चुकण्याचे मला विशेष वाटत नाही, पण त्या घरी दोन कुत्रे होते आणि रात्रभर आम्हाला एकही भुंकणे ऐकू आले नव्हते. घरी आजीने काही विचारले नाही. उंबऱ्याबाहेर उभे करून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि मगच चहा दिला.

लेस्टरकर

देवगडताई, हुबेहूब हाच प्रकार इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सांगतात. तिथे हे काम पिक्सी नावाची बुटकी मंडळी करतात आणि त्यावर उपाय म्हणून अंगातला कोट उलटा करून घालतात. आयर्लंडमध्ये एका विशिष्ट जागेच्या गवतावर पाय पडला की माणसाला ओळखीच्या शेतातूनही बाहेर पडता येत नाही, असे मानतात.

कंपासपेटी

यावर एक संशोधन झालेले आहे. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना तिथल्या जंगलात आणि ट्युनिशियातील सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले होते. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले आणि तो ढगाआड गेला की गोल फिरून आपल्याच वाटेवर येऊ लागले, तेही आपण सरळच चाललो आहोत अशी पक्की खात्री बाळगून. त्यामुळे जागेवर बसून राहण्याचा तुमच्या भावाचा निर्णय शास्त्रालाही धरून होता. कुत्र्यांचे मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

मोचेमाडकर

चकव्यावरून आठवले. आरवलीच्या वेतोबाविषयी त्या मासिकात कोणी लिहिले आहे काय? नसेल तर लेस्टरकरांनी जरूर पाठवावे. वेंगुर्ले तालुक्यातील या देवाला केळीच्या घडांबरोबर चामड्याच्या वहाणाही वाहतात. देव पुरुषभर उंचीहून बराच मोठा, म्हणून वहाणाही त्याच्याच मापाच्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. पूर्वीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आताची पंचधातूची आहे.

लहानपणी वडिलांनी नवस फेडायला नेले तेव्हा त्या वहाणांची रांग पाहून मी वडिलांना विचारले होते, की देवाच्या पायाचे माप कोणी घेतले. ते काही बोलले नाहीत, पण शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने, "ज्याका करूची आसा, तेका माप गावता," असे उत्तर दिले. एका वहाणेचा तळ मला दिसला. टाचेची बाहेरची कड झिजलेली होती, अगदी माझ्या वडिलांच्या चपलेची झिजायची तशीच. ती कशाने झिजली असेल याचे मी आजवर बरेच तर्क केले आहेत आणि त्यांतला एकही आईसमोर बोललेलो नाही.

खोडरबर

टाचेची बाहेरची कड झिजते म्हणजे देवालाही गुडघेदुखी असणार. गावची राखण पायी करायची म्हणजे गंमत नाही.

दादरची मावशी

दिनांक २१ सप्टेंबर १९९५, वार गुरुवार. गणपती दूध पितो ही बातमी दिल्लीहून निघाली आणि दुपारपर्यंत आमच्या चाळीत पोचली. आमच्या सासूबाईंनी देव्हाऱ्यातला पितळी गणपती पाटावर घेतला आणि चमचा सोंडेला लावला. दूध खरोखर कमी झाले. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे 'लोकांना भास झाला' असे कोणी म्हटले की मला आजही राग येतो. आमचे मामंजी शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी शांतपणे दुधात चिमूटभर कुंकू कालवले आणि पुन्हा चमचा लावायला सांगितले. सोंडेवरून पोटावर आणि पोटावरून पाटावर एक बारीक लालसर ओघळ उतरताना सगळ्यांना दिसला. पुढे वाचले, की सरकारी शास्त्रज्ञांनीही दिल्लीतल्या देवळात रंगीत दूध वापरून हेच दाखवले होते आणि पृष्ठताण व केशाकर्षण ही कारणे दिली होती.

सासूबाई मात्र जराही खट्टू झाल्या नाहीत. "त्याला हवे तेवढे त्याने घेतले, उरले ते सांडले," असे म्हणून त्यांनी पाट पुसून घेतला.

लेस्टरकर

मावशी, त्याच दिवशी लंडनमध्ये साउथॉलच्या देवळाबाहेर दुधाच्या बाटल्या घेऊन रांगा लागल्या होत्या. एका दिवसात ही बातमी जगभर कशी पसरली, हेच त्यातले खरे नवल आहे, असे मला वाटते. तेव्हा मोबाइल कोणाकडे होते?

बिब्बा

मी बरीच वर्षे मराठवाड्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम केले आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. राग मानू नये.

भानामतीची लक्षणे तुम्ही ऐकली असतील: घरावर दगड येतात, दांडीवरचे कपडे पेटतात, शिजवलेल्या अन्नात घाण निघते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. अशा एका घरी आम्ही गेलो होतो. दोरीवरच्या लुगड्यांना जळून भोके पडली होती आणि गावाने शेजारच्या एका विधवा बाईवर करणीचा आळ घेतला होता. आम्ही घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळे, सावकाश बोललो. जाळ नेहमी स्वयंपाकघराच्या मागच्या दोरीवर, बापे शेतावर असतानाच लागत असे. शेवटी, शाळेतून काढून घरकामाला जुंपलेली चौदा-पंधरा वर्षांची पोर रडत सगळे बोलली. आम्ही गावात तिचे नाव घेतले नाही, फक्त तिच्या वडिलांकडून तिला पुन्हा शाळेत घालण्याचा शब्द घेतला. त्यानंतर एकही कपडा जळाला नाही.

तुमच्या इंग्लंडात १९७७ पासून गाजलेले एनफिल्डच्या घरातल्या भुताटकीचे प्रकरण मी वाचले आहे. तिथेही केंद्रस्थानी दोन लहान बहिणी होत्या, आणि त्यांतल्या एकीने पुढे काही प्रकार आम्हीच केले होते, असे कबूल केले. फरक असा, की तिथे घरात संशोधक राहायला आले आणि इथे शेजारच्या बाईला गावाबाहेर काढण्याची तयारी झाली होती. आमच्याकडे जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये झाला, तोही त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर. निकाल न देता नुसते टिपून ठेवणे ही चैन ज्यांच्या अंगणात दगड पडत नाहीत त्यांना परवडते, असे माझे मत आहे.

लेस्टरकर

बिब्बा, राग कसला मानायचा? तुमचा मुद्दा बिनतोड आहे. एवढेच सांगतो, की या मासिकात बनवाबनवी उघडी पाडणारे लेखही येतात, आणि फोर्ट स्वतःच्या सिद्धान्तांवरही विश्वास ठेवत नसे. तरीही, बाईवर आळ आलेला असताना संपादकाने काय करावे, याचे उत्तर त्या गठ्ठ्यातल्या एकाही अंकात मला सापडलेले नाही.

रद्दीबहाद्दर

बिब्बा, तुम्ही जे केलेत तेही टिपणेच होते की. प्रत्येकाशी वेगवेगळे बोललात, कुठली दोरी, कोणती वेळ ते पाहिलेत. फोर्ट ग्रंथालयातून उठून गावात गेला असता तर त्याने यापेक्षा वेगळे काय केले असते?

वलगण

रायगड जिल्ह्यात पहिला मोठा पाऊस झाला की मासे ओढ्यातून प्रवाहाविरुद्ध शेतात चढतात आणि आम्ही रात्री बत्त्या घेऊन ते धरतो. त्यामुळे बांधावर किंवा पायवाटेवर मासा दिसला तर आमच्याकडे कोणी दचकत नाही. पण एका वर्षी सकाळी आमच्या तुळशीवृंदावनाच्या वरच्या कट्ट्यावर बोटाएवढे मासे पडलेले होते, काही तर अजून तडफडत होते. कट्टा कमरेएवढा उंच, भोवती सारवलेले कोरडे अंगण. काका म्हणाले, आभाळातून पडले. मास्तर म्हणाले, बगळ्याच्या चोचीतून निसटले. एवढे सगळे एकाच बगळ्याच्या चोचीतून निसटले असतील तर तो बगळा फारच निष्काळजी म्हणायचा. वावटळ पाण्यावरून जाताना मासे वर उचलून दूर टाकते, असे स्पष्टीकरण पुढे वाचनात आले, पण त्या रात्री वावटळ आल्याचे कोणाला आठवत नव्हते.

आईने ते मासे रांधले नाहीत. ओढ्यातले चालतील, हे कोणाचे कोण जाणे, असे म्हणून तिने ते विहिरीत सोडले.

बुलढाणेकर

जून २०२० मध्ये आमचे लोणार सरोवर गुलाबी झाले तेव्हा परदेशातल्या मित्रांचे इतके फोन आले की विचारू नका. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसे झाले. कारण कळल्यावरही लोक पाहायला जातच राहिले, हे मला फार आवडले.

फोंड्याची वैनी

आमच्या गोव्यात देवचार असतो. तो गावचा राखणदार. त्याच्या हातात घुंगुरकाठी आणि खांद्यावर कांबळे असते, त्याला रोट आणि सोरो (दारू) ठेवतात, आणि ठेवणाऱ्यांत शेजारचे ख्रिस्ती कुटुंबही असते. आमच्या मागच्या डोंगरावर रात्री घुंगरू वाजले की सासरे अंथरुणात कूस बदलून "गेला," एवढेच म्हणत आणि झोपत. मोचेमाडकर, आमचा देवचार आणि तुमचा वेतोबा एकमेकांच्या हद्दीत जातात का, हे कोणाला विचारावे?

मोचेमाडकर

वैनी, मध्ये तेरेखोलची खाडी आहे. पण वहाणा चामड्याच्या आहेत, भिजवायला परवडणार नाहीत. आपापल्या काठाने फिरत असावेत.

दादरची मावशी

लेस्टरकर, त्या गठ्ठ्यात १९९५च्या शेवटचे किंवा १९९६च्या सुरुवातीचे अंक असतील तर कृपया पाहून सांगा. दुधाच्या प्रकरणावर त्यांनी काय लिहिले होते ते मला मामंजींच्या विद्यार्थ्यांना पाठवायचे आहे.